टेकचंदभाऊंचा मग

साकोलीत हायवेला माझं गाड्यांना एसी बसवायचं दुकान आहे. वीस वर्षं हेच करतोय आणि तरी सांगतो, उघड्या गाडीला एसी बसवणं हा शुद्ध बावळटपणा. वर छप्परच नाही तर थंडावा राहील कुठं? पण गाडीचे मालक म्हणाले, "लग्नाची गाडी आहे, संघपाल. नवरीचा मेकप वाहून जाते. बाकी मले काही सांगू नको." बसवला. माझ्यासारखा मूर्ख मीच.

गाडी जुनी, विलायती, पांढरी, कापडी हूडची. वरातीत हूड मागं पाडायचा, कारण नवरानवरी लोकांना दिसली पाहिजेत. चालवायचे टेकचंदभाऊ, चौदा वर्षं तेच. बारीक अंगाचे, कानात अत्तराचा बोळा. पुढं नाचणाऱ्यांच्या टाचेला त्यांनी कधी बंपर लागू दिला नाही. सुलोचनावहिनी चिडवायच्या, "माह्यापेक्षा त्या गाडीलेच जास्त जपते हे."

आमच्याकडं मे महिन्यातल्या वराती भर दुपारच्या. बँडच्या मागं गाडी पावलापावलानं सरकते आणि इंजिन तापून उकळायला लागतं. मग भाऊ सावली पाहून थांबायचे. डिक्कीतून पाण्याचा कॅन काढायचे. एक मग रेडिएटरवर, एक मग स्वतःच्या डोक्यावर, एक पोटात. डोक्याचा दुपट्टा भिजवून पुन्हा बांधायचे. वऱ्हाडी बोंबलायचे, तर भाऊ म्हणायचे, "गाडी तापली न बाप्पा! माह्या हातात काय आहे?"

एसीसोबत मी मोठा रेडिएटर टाकला, त्याच्यासमोर दोन पंखे लावले. थंड हवेचे दोन पाइप मागच्या सीटला आणि एक भाऊंच्या गुडघ्यांपाशी. आता गाडी उकळणं शक्यच नव्हतं. त्याचा मला केवढा गर्व!

पहिली वरात आंधळगावची. एसी कसा चालतो ते पाहायला मी भाऊंच्या शेजारी बसलो. मालकांनी त्यांना कोट घालून फेटा बांधला होता, दुपट्टा घरीच राहिला. तासाभरानं शाळेजवळचा कडुलिंब आला, तसा भाऊंचा पाय ब्रेकवर गेला.

"थांबता कायले?" मी म्हणालो. "काटा पाहा न! अर्ध्यावरही नाही गेला."

त्यांनी काट्याकडं पाहिलं, मग कडुलिंबाकडं. स्वतःसाठी गाडी थांबवणं त्यांना ठाऊकच नव्हतं. "हो न," म्हणाले, आणि ब्रेकवरचा पाय काढला. झडली असती माझी जीभ तेव्हाच, तर बरं झालं असतं.

आणखी तासभर गेला. गुडघ्यांना गार वारा, डोक्यावर सेहेचाळीस डिग्रीचं ऊन. "भाऊ, घाम आला का?" मी हसत विचारलं. त्यांनी कपाळावरून हात फिरवून दाखवला. कोरडा ठणठणीत. मी मागं वळून नवरदेवाला म्हणालो, "पाहा, एसीची कमाल!" अरे गाढवा, एवढ्या उन्हात माणसाचा घाम आटतो म्हणजे काय होतं, हे तुला कळू नये?

मांडवापाशी भाऊंनी गाडी नीट लावली, हँडब्रेक ओढला आणि मला विचारलं, "साकोली आली का बे?" मग स्टिअरिंगवर डोकं टेकलं. मी त्यांना धरलं तर अंगाला हात लावता येईना. डिक्की उघडली. कॅन काठोकाठ भरलेला होता, वर मग उपडा. तो अख्खा कॅन मी त्यांच्या अंगावर ओतला. आम्ही त्यांना भंडाऱ्याला दवाखान्यात नेलं. संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले आणि उष्माघातानं गेले म्हणाले.

वहिनी साकोलीहून बसनं आल्या. रडल्या नाहीत. माझ्यासमोर उभ्या राहून त्यांनी विचारलं, "हे थांबले काहून नाही, संघपालभाऊ? गाडी तापली का हे थांबते, पाणी पेते. चौदा वर्षांत कधी चुकलं नाही."



"गाडी तापलीच नाही, वहिनी."