हाताला लागलेला चेंडू

ज्या खेळाचा खरा चेंडू मी कधी हातात धरलेला नाही, त्या खेळातल्या एका माणसाबद्दल लिहायला बसलो आहे, त्याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरात आजवरचं सगळ्यात लांब लिखाण म्हणजे माझ्या शिष्यवृत्तीचा अर्ज, आणि तोही तहसीलबाहेर बसणाऱ्या एका माणसाने अर्धा भरून दिला होता. कॉलेजात गेलेला घरातला मी पहिलाच. त्यामुळे माझ्या लिखाणातल्या चुका काढणारं घरी कोणी नाही, आणि याचीच मला भीती वाटते. तरी लिहितो, कारण या माणसाचं आपण नुकसान केलं असं मला जवळजवळ वर्षभर वाटत होतं, आणि त्याला त्याची कल्पनाही नाही.

तो अमेरिकेत फुटबॉल खेळतो. आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. त्यांचा चेंडू दोन्ही टोकांना निमुळता असतो, आणि एक जण तो हाताने लांब फेकतो. दुसरा आधी ठरलेल्या जागेकडे सुसाट धावतो आणि वळून झेलतो. हा झेलणारा तो. मी त्याला सतरा नंबर म्हणायचो, कारण त्याच्या पाठीवर तो आकडा होता.

माझी त्याची गाठ पडली ती कामामुळे. दुसऱ्या वर्षाला असताना मला रत्नागिरीत मारुती मंदिराजवळच्या एका छोट्या ऑफिसात दुपारचं काम मिळालं. दहा संगणक, खडखडणारा एक एसी आणि आमच्यावर देखरेख करणाऱ्या मॅडम. मॅडम चिपळूणच्या. पुरात घरातलं सगळं एकदा वाहून गेल्यामुळे कुठल्याही गोष्टीच्या त्या दोन प्रती ठेवायच्या, अगदी डब्यातल्या चमच्याच्याही. अमेरिकेतल्या कॉलेजांच्या सामन्यांच्या व्हिडिओचे तुकडे आमच्याकडे यायचे. ते बघून आम्ही खुणा करायच्या: चेंडू कोणाकडे फेकला, झेलला की नाही, आणि नाही झेलला तर चूक कोणाची. फेकणारा चुकला की झेलणाऱ्याच्या हातून सुटला, असे दोन रकाने होते. पुढे ही माहिती कुठे जाते ते आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. मॅडमच्या मते ती मोठे संघ विकत घेत असावेत.

कामाच्या सूचना वीस पानांच्या होत्या, इंग्रजीत. मी मराठी शाळेतला. डिक्शनरी घेऊन बसलो आणि एकोणीस पानं नेटाने वाचली. चेंडू कोणाच्या हातून सुटला हे कसं ठरवायचं, त्याचं एक पान होतं. ते मी सोडलं. ते मला येतं असं मला वाटलं.

वाटायला कारण होतं. माझे बाबा आंबे काढतात. गावच्या बागायतदाराची शंभरेक हापूसची झाडं आहेत, आणि हंगामात मीही बाबांबरोबर जातो. बाबा वर चढून घळीने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, आंबे उतरवतात आणि टोपली दोरीने खाली सोडतात. पण प्रत्येक फांदीच्या शेंड्याला दोन-चार आंबे उरतात. तेवढ्यासाठी टोपली परत वर ओढायची नाही, असा रिवाज आहे. ते वरून सोडायचे आणि खालच्याने झेलायचे. पडलेला आंबा आतून डागतो, तो पेटीत जात नाही. मग चूक कोणाची, यावरून झाडागणिक भांडण नको म्हणून आमच्याकडे नियम आहे: आंबा हाताला न लागता पडला, तर चूक टाकणाऱ्याची. हाताला लागून पडला, तर झेलणाऱ्याची. मग तो कसाही आलेला असो. बोटाचं टोक लागलं तरी तुझाच.

हाच नियम मी अमेरिकेला लावला.

सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत सतरा नंबरच्या संघाचे सगळे तुकडे माझ्याकडे होते. घरी बसूनही काम करायची मुभा होती, त्यामुळे कधी कधी बाबा मागे येऊन उभे राहायचे. पहिल्या दिवशी त्यांनी बराच वेळ बघितलं आणि विचारलं, एवढे धिप्पाड गडी एका असोल्या, न सोललेल्या नारळासाठी एकमेकांच्या अंगावर का पडतायत. पण सतरा नंबर त्यांना आवडला. तो इतरांपेक्षा किरकोळ होता. चेंडू दुसऱ्याकडे जाणार हे ठाऊक असतानाही तो शेवटपर्यंत जीव तोडून धावायचा. बाबा म्हणाले, "ह्याला आपल्याकडं पाठवायला सांग. झाड झाडून काढील."

त्याच्या संघातला फेकणारा मात्र यथातथाच होता. चेंडू कधी डोक्यावरून जायचा, कधी पायाशी. संघातले बाकीचे असल्या चेंडूमागे जात नसत, हात खाली सोडून उभे राहत. सतरा नंबर झेप घ्यायचा. चेंडू त्याच्या बोटांना लागून पडायचा. आणि मी, मान हलवत, मनापासून वाईट वाटून घेत, खूण करायचो: हातून सुटला.

जानेवारीत कामावर एक नवी मुलगी आली. तिला शिकवायचं काम मॅडमनी माझ्यावर सोपवलं. मला बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाला तरी काही शिकवणार होतो. मी सूचनांची पानं काढून तिला वाचून दाखवू लागलो आणि त्या पानावर आलो. त्यात स्वच्छ लिहिलं होतं: चेंडू नीट आलेला असेल आणि साध्या प्रयत्नात झेलता येण्यासारखा असेल, तरच सुटला म्हणा. झेप घेऊन, बोटांवर आलेला चेंडू पडला, तर चूक फेकणाऱ्याची.

मुलगी म्हणाली, पुढे वाचा ना. मी पानं तिच्याच हातात दिली.

त्या दिवशी मी एकेक तुकडा परत काढून बघितला. सतरा नंबरच्या नावावर मी लावलेल्या चुकांपैकी निम्म्याहून जास्त त्याच्या नव्हत्याच. आणि जे हात खाली सोडून उभे राहिले होते, त्यांच्या नावावर एकही नव्हती. जो सगळ्यात जास्त झटला तोच माझ्या कागदावर सगळ्यात नालायक ठरला होता.

दोन दिवस मला जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी मी मॅडमपुढे जाऊन उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या.

"म्हणजे तू आंब्याचा कायदा लावलास?"

"हो, मॅडम."

"आणि एक पान वाचायचं ठेवलंस."

"हो."

"वीसमधलं नेमकं तेच?"

त्या हसतील किंवा काढून टाकतील असं वाटलं होतं. त्यांनी दोन्हींतलं काहीच केलं नाही. म्हणाल्या, "बस. दुरुस्त कर. दुसरं काम घ्यायचं नाही झाल्याशिवाय." मी चार दिवसांत सगळं दुरुस्त केलं, मॅडमनी नव्या फायली पाठवल्या आणि सोबत चूक कबूल करणारं पत्रही. त्यांच्या सवयीप्रमाणे दोनदा पाठवलं. उत्तर एका ओळीचं आलं: नोंद घेतली. जुनी माहिती कोणाला विकली गेली होती का, कोणी वाचली होती का, याबद्दल काही नाही.

सतरा नंबरचं ते कॉलेजातलं शेवटचं वर्ष होतं. तिकडे एप्रिलच्या शेवटी मोठे संघ कॉलेजातले खेळाडू निवडतात. सात फेऱ्या होतात आणि एकेक नाव पुकारलं जातं. बहुतेकांना आयुष्यात ही एकच संधी. मी वाचत होतो, की त्याचं नाव शेवटच्या फेऱ्यांत येईल असं काही जणांचं म्हणणं आहे. पण त्याचे हात भरवशाचे नाहीत, असंही एकाने लिहिलं होतं. हे वाक्य मी इतक्या वेळा वाचलं, की त्यातले सगळे इंग्रजी शब्द मला पाठ झाले.

एप्रिल म्हणजे आमचा ऐन हंगाम. शेवटच्या दिवसाचा निकाल आपल्याकडे रविवारी सकाळी कळणार होता. मी झाडाखाली उभा, खिशात मोबाईल. बाबा वरून ओरडले, "लक्ष कुठाय मेल्या?" तोवर आंबा माझ्या शेजारी पडला होता. मग मी सरळ मोबाईलच काढला. सातही फेऱ्या संपल्या होत्या. त्याचं नाव कुठेही नव्हतं.

बाबांना सगळं ठाऊक होतं, माझी चूकसुद्धा. ते खाली उतरले, तांब्यातलं पाणी प्यायले. मी त्यांना सांगितलं, की ज्यांचं नाव येत नाही त्यांना एखादा संघ हवं तर सरावाला बोलावू शकतो. पगाराची, टिकण्याची कसलीच खात्री नाही.

"म्हणजे बोलावणं नाय आलं, पण दारात जाऊन उभा राहू शकतो?"

"तसंच."

"मग राहील की. त्यात काय." आणि ते परत वर चढले.

तो खरंच उभा राहिला. आठवडाभरात एका संघाने त्याला सरावाला घेतल्याचं वाचलं. पाठीवरचा आकडा बदलला, शहाऐंशी झाला, पण आम्ही दोघं त्याला सतराच म्हणत राहिलो. उन्हाळी सरावाला नव्वद जण होते. त्यातले त्रेपन्न ठेवायचे आणि बाकीच्यांनी सामान बांधायचं. निकाल गणपतीच्या दिवसांत लागला. घरात आरती चालू होती, मी टाळ एका हातात घेऊन दुसऱ्या हाताने मोबाईल बघितला. त्याला काढलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याच संघाने त्याला परत घेतलं, पण फक्त सरावासाठी. हे मला बाबांना समजावून सांगावं लागलं. हा रोज सगळ्यांबरोबर घाम गाळणार, पुढच्या प्रतिस्पर्ध्याची सोंगं घेऊन आपल्याच लोकांची तयारी करून देणार, आणि सामन्याच्या दिवशी बाजूला उभा राहणार. बाबा आमच्या वाडीच्या नमनाच्या खेळांत गेली वीस वर्षं मृदंग वाजवतात. ते म्हणाले, "तालमीला रोज, आणि खेळाला नाय? असा माणूस फार दिवस टिकत नाय रे. मनानं खचतो."

मला तेच वाटत होतं. सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला. दर सोमवारी सकाळी कॉलेजला जाताना एसटीत मी सामन्याची यादी बघायचो. शहाऐंशी नाही. नोव्हेंबरातही नाही. कॉलेजात मित्र विचारायचे, काय बघतोस एवढं. मी क्रिकेट म्हणून सांगायचो. खरं सांगायला सुरुवात कुठून करायची तेच कळत नसे. एक गोष्ट मी ठरवून टाकली होती. तो एकदा जरी खेळला, तरी माझ्या कागदाने त्याची वाट कायमची बंद केली नाही असं मी समजेन. नाही खेळला, तर ते ओझं माझं.

डिसेंबरात माझी परीक्षा आली. एका सोमवारी पेपर असल्यामुळे मी यादी बघितलीच नाही. दुपारी ऑफिसात गेलो तर मॅडमनी हाक मारली. त्यांच्या संगणकावर तिकडच्या एका वर्तमानपत्राचं पान उघडं होतं. दर सोमवारी त्याही बघत होत्या, हे मला त्या दिवशी कळलं. "वाच," त्या म्हणाल्या. "सगळं वाच. एकही ओळ सोडायची नाही."

मी उभ्यानेच वाचलं. दोन खेळाडू जखमी झाल्यामुळे सरावाच्या संघातून शहाऐंशी नंबरला एका सामन्यापुरतं मुख्य संघात घेतलं होतं. त्याच्याकडे एकच चेंडू आला, घोट्याच्या उंचीवर, आणि त्याने तो जमिनीला लागण्याआधी उचलला. संघ अकरा यार्ड पुढे सरकला. सामना संपल्यावर तो परत सरावाच्या संघात गेला. शेवटी त्यांच्या प्रशिक्षकाचं बोलणं होतं. ते म्हणाले होते, की या मुलाबद्दल आधी कागदावर आलेलं चांगलं नव्हतं आणि नंतर आलेलं चांगलं होतं. दोन्ही जुळेनात, म्हणून आम्ही बसून त्याचे कॉलेजातले सगळे सामने स्वतः बघितले, आणि मग त्याला सरावाला बोलवायला फोन केला.