बुधवारच्या सभेचे कप

आमच्या ख्रिस्ती मंडळीत बुधवारच्या प्रार्थनासभांची यादी मी ठेवतो. शाळेतून निवृत्त झाल्यावर वेळच वेळ होता, आणि वही, तारीख, वार यांची हौस मला आधीपासूनच. दर बुधवारी संध्याकाळी कुणाच्या तरी घरी जमायचं, दोन-तीन गीतं गायची, वचन वाचायचं, ज्याची जी अडचण असेल ती ऐकून प्रार्थना करायची आणि चहा पिऊन उठायचं. घरात कुणी आजारी असलं की त्या घराचा नंबर मी वर घ्यायचो. रविवारी देवळात पाळकसाहेब एकमेकांचं ओझं उचलण्याबद्दल बोलू लागले की मी ताठ बसून ऐकायचो. मनात म्हणायचो, हे तर आपण करतोच आहोत. माझा हा गैरसमज दुसऱ्याच माणसाला महागात पडला.

कदमवाडीत आमच्या मंडळीतलं एक जोडपं राहतं. तो एसटीत ड्रायव्हर होता. चंदगडची गाडी त्याने अनेक वर्षं चालवली आणि निवृत्तीला थोडेच दिवस राहिले असताना लकवा होऊन अंथरुणाला खिळला. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. ताई घरी बसून हुपरीहून येणाऱ्या पैंजणांना घुंगरू जोडायच्या आणि उरलेला सगळा वेळ नवऱ्याचं करायच्या. भरवायचं, पुसायचं, दर दोन तासांनी कूस बदलायची. त्यांना धीर मिळावा म्हणून मी महिन्यातून एक बुधवार त्यांच्याकडे लावला.

हा धीर त्यांना कसा मिळत होता, ते मला फार उशिरा कळलं. आम्ही येणार म्हणून त्या दुपारपासून खपायच्या. नवऱ्याला आंघोळ घालायची, चादर बदलायची, कॉट एकटीने भिंतीकडे सरकवायची, घुंगरांचे डबे माळ्यावर टाकायचे, शेजारच्या म्हशीवाल्या बाईंकडून सतरंजी आणि कप मागून आणायचे. मग आम्ही पंचवीस माणसं त्या एवढ्याशा खोलीत दाटीवाटीने बसून पेटीवर मोठमोठ्याने गायचो. आजारी माणूस डोळे मिटून घ्यायचा. तो भक्तीत रंगून गेलाय असं आम्ही समजायचो. भडंग आणि चहा झाला की आम्ही पायात चपला सरकवायचो, आणि मोरीत कपांचा ढीग राहायचा.

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी त्यांच्याकडे सभा होती. गीत झाल्यावर मी नेहमीप्रमाणे वही उघडून विचारलं, "ताई, प्रार्थनेची काही विनंती?"

एरवी त्या "ह्यांच्यासाठीच करा" म्हणायच्या. त्या दिवशी म्हणाल्या, "सर, माझा डावा डोळा लई ठणकतोय. दिव्याभवती रंगीत कडी दिसत्यात. दवाखान्यात दाखवायचं हाय, पण तिथं अख्खा दिवस जातोय. ह्यांच्याजवळ बसायला कोण न्हाय."

मी वहीत लिहिलं, 'ताईंच्या डोळ्यासाठी.' पुढचं वाक्य लिहिलं नाही. ती काही प्रार्थनेची विनंती नव्हती, आणि बसायला बायकांपैकी कुणीतरी जाईलच. आम्ही अकरा जणांनी आळीपाळीने त्या डोळ्यासाठी प्रार्थना केली. मंडळीच्या एका पंचांचा तर आवाज भरून आला. रात्री मी विनंती ग्रुपवर टाकली, तर जोडलेल्या हातांची रांग लागली. मला फार बरं वाटलं, हे लपवत नाही.

पुढच्या महिन्यात मी त्या ओळीपुढे 'चालू' असं लिहिलं. त्याच्या पुढच्या महिन्यात ताई चहा ओतत होत्या, आणि धार कपात न पडता ट्रेमध्ये पडली. "ताई, आता चष्मा घ्या की, नाहीतर आम्हाला बशीत चहा प्यावा लागेल," मी म्हणालो. सगळे हसले. त्याही हसल्या. त्या हसल्या हे मला आजही आठवतं आणि स्वतःची चीड येते.

नाताळ जवळ आला होता, म्हणून पुढच्या सभेचं सांगायला मी सकाळीच त्यांच्याकडे गेलो. घरात त्या नव्हत्या. कॉटशेजारी म्हशीवाल्या बाई बसून आजाऱ्याला चमच्याने पेज भरवत होत्या. मला पाहून त्या तडकल्याच.

"पावणं, तुमीच न्हवं ते वहीवालं? काल ती डोकं धरून वकत पडलीती. डोळा लालभडक. मीच रिक्षात घातली तिला. आज लेक आलीया, तिच्यासंगं परत गेलीया दवाखान्यात. डाक्टर म्हणतोय, डोळा गेला. आधी आणायचं की, म्हणतोय. कोण आणणार? एवढी मानसं येताय तुमी, गाता, चा पिता. एकानं तर बसायचं की हितं!"

यांचा ना आमच्या देवळाशी संबंध, ना आमच्या गीतांशी. दोन दिवस घरची म्हैस जावेच्या हवाली करून त्या इथे बसल्या होत्या. बाहेर आलो तर कंपाउंडच्या तारेवर त्यांची सतरंजी वाळत होती. आमच्या बुधवारसाठी ती धुऊन ठेवलेली होती.

त्या रविवारी उपासनेनंतर मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं, माझ्या चष्म्याच्या विनोदासकट. ताईंकडची सभा बंद केली आणि त्याऐवजी तिथे कोण कधी बसणार याची यादी करायला घेतली. नऊ जणांनी नावं दिली. होळीपर्यंत तिघं उरलो. कुणाचे गुडघे, कुणाची नातवंडं. मी कुणाला दोष देत नाही, तो अधिकार मला नाही.

माझा गुरुवार असतो. पहिल्या दिवशी मी खिशात वचन लिहून नेलं होतं. ताईंनी ते वाचू दिलं नाही. "बसताय न्हवं? मग मी जरा पडते," म्हणाल्या आणि आतल्या खोलीत अडीच तास झोपल्या. मला त्यांच्या नवऱ्याला पाणी पाजता येईना. निम्मं पाणी त्याच्या गळ्यावरून उशीत गेलं. सभेतल्यासारखं करावं म्हणून मी एक गीत गुणगुणलो, तर त्याने डावा हात उचलून माझ्या तोंडासमोर आडवा धरला. चार वर्षं आम्ही त्याच्या कानाशी गात होतो.

काचबिंदू ताईंच्या उजव्या डोळ्यातही निघाला, म्हणून तो आता औषधावर आहे. थेंब जन्मभर घालायचे आहेत. घुंगरू जोडणं सुटलं. महिन्यातून एकदा तपासणी असते, त्या दिवशी मी सकाळपासूनच जातो. परवा त्या निघाल्या, पिशवी घेतली आणि उंबऱ्याजवळ थांबल्या.

"सर, एक इचारू? त्या दिवशी मी म्हणलं हुतं, बसायला कोण न्हाय म्हणून. गाण्याबिण्याच्या गडबडीत ऐकू आलं न्हवतं व्हय तुमाला?"

त्यांनी मला सुटायला वाट करून दिली होती. हो म्हटलं असतं तर त्यांनाही बरं वाटलं असतं. पण तो माणूस कॉटवरून माझ्याकडे बघत होता.

"आलं होतं, ताई," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. मग भिंतीला हात लावून, पायाने पायरी चाचपत, त्या एकेक पायरी खाली उतरल्या.