मामंजी आणि गंगेची वाळू

वाहतं पाणी दिसलं की आमचे मामंजी उकिडवे बसलेच म्हणून समजा. मग तो ओढा असो, मळ्यातला पाट असो, नाहीतर पावसाळ्यात रस्त्याकडेनं वाहणारं गढूळ पाणी. चिमूटभर वाळू तळहातावर घ्यायची, उन्हात धरायची, बोटानं पसरायची आणि मान हलवून म्हणायचं, "हं, इथे नाही." बरोबरची मंडळी लग्नाला निघालेली असोत की तेराव्याला, त्यांनी खोळंबून राहायचं. मी नवी नवरी म्हणून नाशकात आले तेव्हा मला वाटलं, सासऱ्यांचं काहीतरी हरवलं असावं. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "हरवलंय ना. डोकं!"

त्याचं असं झालं होतं. सन तीसनंतरच्या त्या वर्षांत सोन्याचा भाव चढत गेला आणि सराफ बाजारात डागदागिने मोडायला माणसांची रीघ लागली. मामंजी तेव्हा नुकतेच कचेरीतून पेन्शनीत निघालेले, घरात बसून सासूबाईंच्या आमटीला मीठ सुचवणारे. सराफांच्या दारातली माती धुऊन सोन्याचे कण काढणाऱ्या झारेकरी बायका त्यांनी जन्मभर पाहिल्या होत्या, पण साक्षात्कार झाला तो तेव्हा. मी आल्यावर मलाही सांगत, "लोक घरातलं विकताहेत, सूनबाई. आपण नदीतलं आणू. गंगा ब्रह्मगिरीवरून येते. एवढा डोंगर झिजतो, त्यात काहीच नसेल?" गोदावरीला आम्ही नाशिककर गंगाच म्हणतो.

हत्यार म्हणून त्यांनी माझी काठवट पळवली. माहेरून आणलेली, भाकरीचं पीठ मळायची चांगली सागवानी काठवट! तीत वाळू भरायची, पाण्यात बुडवून गोल गोल हलवायची. हलकी वाळू पाण्याबरोबर निघून जाते आणि जड ते तळाशी राहतं. "वाळूपुढे घाई चालत नाही," असं ते मला पुन्हा पुन्हा ऐकवत. नासर्डी झाली, वाघाडी झाली, पार गंगापूरपर्यंतचे ओढे पालथे घालून आले. मिळालं काय, तर काळी रेती आणि एकदा बेडूक. काही चकाकणारे खडे घेऊन ऐटीत सराफाकडे गेले, तर तो म्हणाला, "मामा, गणपतीच्या मखराला लावा."

त्या काळी सुना सासऱ्यांसमोर तोंड उघडत नसत. मी पदर सावरून का होईना, बोलत असे. एकदा चिडून म्हटलं, "अहो मामंजी, ओढे-नाले कशाला धुंडाळता? दाराशी गंगा आहे, ती काय वाईट?" हे मीच म्हटलं होतं. ते आठवलं की आजही जीव चरकतो.

दुसऱ्या दिवसापासून ते घाटांच्या खालच्या अंगाला, पाणी संथ होतं तिथे जाऊन बसू लागले. आणि एका सकाळी ओल्या धोतरानिशी धावत आले. "सूनबाई, आधी हात धू, मग बघ!" काळ्या रेतीत तीन-चार पिवळे कण होते. सराफानं कसाला लावून पाहिले. खरं सोनं! मामंजींनी गल्लीभर पेढे वाटले. पुढे वर्षभर वाळू धुऊन ज्वारीच्या दाण्याएवढं सोनं जमलं, ते त्यांनी आटवून आणलं.

तेवढ्यात माझी मुलगी आठव्या महिन्यातच जन्मली. मूठभर पोर, रडायचंही त्राण नाही. वैद्यांनी मधात सोनं उगाळून चाटवायला सांगितलं. मी बोटातली अंगठी काढली, तर मामंजी आडवे आले. "बाजारातलं सोनं कुणाच्या तरी अंगावरून उतरलेलं असतं. त्याला तळतळाट चिकटलेला असतो. माझं कुणाच्या अंगाला लागलेलंच नाही. कोरं आहे." मग रोज सकाळी सहाणेवर ते स्वतः सोनं उगाळत आणि करंगळीनं पोरीला चाटवत. पोर बाळसं धरू लागली. मामंजींची छाती तर सदऱ्यात मावेना!

पुढल्या वर्षी सासूबाई गेल्या. रीतीप्रमाणे त्यांच्या तोंडात तुळशीपत्र आणि सोन्याचा कण ठेवला. अस्थी घेऊन आम्ही रामकुंडावर गेलो. ह्यांनी गाठोडं सोडलं. राख पाण्याबरोबर पुढे, मामंजी वाळू धुवायला बसत त्या अंगाला निघाली. मामंजी एकटक बघत होते. एकाएकी ते मटकन खालीच बसले. सगळ्यांना वाटलं, बायकोचं दुःख. घरी आल्यावर मला एकटीला बोलावून म्हणाले, "हलकं वाहून जातं, सूनबाई. जड ते तळाशी राहतं. मी डोंगराचं समजत होतो गं. माणसांच्या तोंडातलं होतं ते."

अख्खा जन्म नाशकात गेलेला माणूस, रोज अस्थी येताना पाहिलेल्या, आणि इतकी साधी गोष्ट ध्यानात येऊ नये! पण आमच्या तरी कुठे आली होती? त्यांनी उरलेलं सोनं मागून घेतलं आणि गुडघाभर पाण्यात उभं राहून सोडून दिलं. तरी त्यांची सुटका झाली नाही. "उगाळलेलं कसं परत करू?" म्हणत. नात मांडीवर येऊन बसली की तिच्या तोंडाकडे बघत राहत. मी एकदा संतापून म्हटलं, "अहो, पोर जगली ना? मग झालं तर!" तर म्हणाले, "जगली, म्हणून तर जास्त मनाला लागतं."

पितृपंधरवड्यात ते आपल्या पितरांनंतर आणखी पाणी सोडत. गुरुजींनी विचारलं, "हे कुणाच्या नावानं?" मामंजी म्हणाले, "ज्यांचं नेलं त्यांच्या." काठवट त्यांनी कधीच चुलीत घातली होती. रस्त्यात पाणी दिसलं तर आता नजर वळवून चालत. मला त्यांचं ते पूर्वीचं उकिडवं बसणं बघावंसं वाटे, पण म्हणणार कुठल्या तोंडानं?

शेवटच्या दुखण्यात त्यांनी माझा हात धरून सांगितलं, "माझ्या तोंडात सोनं घालू देऊ नकोस. आयुष्यभराचं घेऊन झालंय. शब्द दे." मी दिला.

ते गेले तेव्हा मी आत पाणी आणायला गेले होते. बाहेर येते तो त्यांच्या बहिणीनं, आमच्या आत्याबाईंनी, स्वतःच्या पाटलीचा कण काढून भावाच्या ओठांत सरकवलेला. मी म्हटलं, "आत्याबाई, काढा तो. मामंजींनी नको म्हटलं होतं." त्या रडत म्हणाल्या, "माझा भाऊ भिकाऱ्यासारखा जाणार नाही!" ह्यांनीही मान खाली घातली. कुणीच हात पुढे करीना. शेवटी मीच खाली बसले, मामंजींचे ओठ उघडले, बोट आत घातलं आणि कण काढला. आत्याबाई किंचाळल्या, "अगं अवदसे, मेल्या माणसाच्या तोंडातलं काढतेस?"

काढलं. शब्द पाळला. पण मामंजींना ज्या कामानं मरेपर्यंत जाळलं, तेच मी त्यांच्या उशाशी बसून केलं. आणि त्यांच्या हातून ते निदान नकळत झालं होतं.