एका चाकासाठी कोठी

सांगतो, पण मामांच्या कानावर जाऊ देऊ नका. दुकान त्यांचं आहे, घोळ माझा आहे.

मामांचं हैदराबादेत हिमायतनगरला घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. दहावीच्या आधीच माझी शाळा सुटली, तेव्हापासून मी तिथेच बसतो. काम येतं, बोलणं येत नाही. त्यातही 'नाही' हा शब्द तर तोंडातून निघतच नाही. समोरच्याला वाईट वाटेल म्हणून मी हो म्हणून टाकतो आणि मग घाम पुसत बसतो.

मागे मामा गावी गेले. जाताना बजावून गेले, "जुनं चावीचं घड्याळ घेऊ नको रे, पार्ट मिळत नाहीत." त्यांची रिक्षा वळली असेल-नसेल, बरकतपुऱ्याचे देशमुख काका वडिलांचं चावीचं घड्याळ घेऊन हजर. रविवारी मुलाचं लग्न. बोहल्यावर मुलाच्या मनगटावर आजोबांचं घड्याळ हवं, आणि तेही चालू.

"होईल ना रे बाळा?"

"हो काका."

बघा.

उघडलं तर आतलं डुलणारं चाक, ज्याला आम्ही बॅलन्स म्हणतो, त्याचा दांडा मोडलेला. म्हणजे चाकच दुसरं हवं, आणि ही घड्याळं बनायची कधीच बंद झालेली. मी कोठीच्या बाजारात गेलो. तिथल्या पार्टवाल्यांकडे आजवर मामाच जायचे, मला कोणी ओळखत नव्हतं. मी कुठल्या दुकानातून आलो तेही मी सांगितलं नाही. कोणी विचारलंच नाही, तर आपण होऊन कसं सांगायचं?

पहिले इक्बालभाई, मोडक्या घड्याळांच्या ढिगामागे बसलेले. त्यांनी माझं चाक चिमट्यात धरून पाहिलं, मोबाइलवर फोटो काढला.

"मिल जाता मियाँ. कल आजाओ."

आता आपल्या हैदराबादेत 'कल आजाओ' म्हणजे काय, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. दारात आलेल्याला रिकाम्या हाताने पाठवायचं नसतं. काहीच नसलं, तर निदान 'उद्या' तरी हातात द्यायचा. म्हणून मी त्याच गल्लीत आणखी तीन दुकानांत विचारून ठेवलं. तिघांनीही फोटो काढला, तिघांनीही उद्या बोलावलं. दुसऱ्या दिवशी गेलो, तर सगळीकडे एकच उत्तर: "आ रहा, रास्ते में है."

त्या संध्याकाळी आमच्या दुकानासमोर यादगिरी अण्णाची स्कूटर थांबली. हा माणूस दुकानादुकानांतून जुने पार्ट शोधून कोठीला पोचवतो. मला 'तम्मुडू' म्हणतो, तेलुगूत धाकटा भाऊ.

"तम्मुडू, ऐसा बॅलन्स है क्या मामू के पास?" त्याने मोबाइल पुढे केला. "कोठी में बहोत डिमांड है. चार-चार दुकानवाले पूछ रहे."

एवढी गिऱ्हाइकं मागावर असताना माझ्या वाट्याला चाक येणार कसं? फोटोतल्या चाकाचाही दांडा मोडलेला होता. मनात आलं, बिचाऱ्याचं अगदी माझ्यासारखंच झालंय.

त्या काळजीत अण्णाला 'नाही' म्हणायचं राहूनच गेलं.

"मामू के पुराने पार्टां के डब्बे में होगा शायद," मी म्हणालो. "कल आजाओ."

सकाळी इक्बालभाईंकडे धावलो. "भाई, बाकी लोगां से पहले मेरेकू दो."

"टेन्शन नक्को लो. पक्के आदमी से बात हो गई. हिमायतनगर में एक दुकान है. मामू गाँव गया, भांजा बैठा है. शरीफ बच्चा है बोले, जबान दिया तो देता."

तेव्हा कुठे माझा उजेड पडला. चारही गिऱ्हाइकं मीच होतो आणि माल देणाराही मीच. इथे खरं सांगून टाकायला हवं होतं, नाही का? मी "शुक्रिया" म्हणून परत आलो. पण इक्बालभाई इतक्या खात्रीने बोलले होते, की दुकानात पोचल्यावर मी मामांचा डबा खरंच उपसून पाहिला.

नव्हतं.

दुपारी देशमुख काका आले. मी खाली बघत म्हणालो, "काका, नाही होणार."

काकांनी घड्याळ घ्यायला हात पुढे केला, मग मागे घेतला. "राहू दे आजच्या दिवस तुझ्याकडे. घरी नेऊन पोराला काय सांगू?" आणि गेले.

वाईट वाटलं. पण खरं सांगू का, थोडं बरंही वाटलं. 'नाही' म्हणूनही छत जागेवर होतं. तेवढ्यात काकांच्या शेजारच्या सुलभाकाकू आल्या, हातात रुमालाची पुरचुंडी घेऊन.

"अरे, हे आमच्या मामंजींचं घड्याळ. देशमुखांच्या वडिलांनी आणि त्यांनी जोडीनेच..."

"नाही काकू," मी मधेच म्हणालो. "चावीची घड्याळं आम्ही घेत नाही."

"बघ तरी."

"नाही."

काय जोर आला होता म्हणून सांगू. काकू पुरचुंडी घेऊन निघून गेल्या.

तास-दीड तासाने अण्णा आला तो हसतच. "तम्मुडू, डब्बा ढूँढ नक्को. तेरी सीढ़ी पे-च एक अम्मा मिली. ससुर की घडी थी, किसी के काम आएगी बोलके दे दी मेरेकू. दुकानवाले ने खोल के भी नहीं देखा बोली. अंदर वहीच बॅलन्स, एकदम अच्छा. अभी इक्बालभाई को देके आया."

मी शटर ओढलं आणि कोठीला धावत सुटलो. इक्बालभाईंनी चाक कागदाच्या पुडीत बांधून माझ्या हातावर ठेवलं. उघडून पाहिलं, दांडा शाबूत. रविवारी घड्याळ चालणार होतं.

"बोला था ना, मिल जाता," इक्बालभाई म्हणाले. "मगर वो हिमायतनगरवाला छोकरा, तौबा. जबान देके पलट गया. उसकी दुकान पे कभी जाना नक्को."

"हौ भाई, नहीं जाता," मी म्हणालो आणि दुकान उघडायला हिमायतनगरला निघालो.