बोरीच्या अलीकडं गाडी थांबली तेव्हा

आमच्या गाडीचं इंजिन दुरुस्त करावं की दुसरं बसवावं, एवढ्या एका प्रश्नानं माझं डोकं पार भंजाळून गेलं होतं. असल्या गोष्टीत देवाला कशाला ओढायचं, असं कोणी म्हणेल. म्हणू दे. ज्याच्या घरात आमच्यासारखं लेकरू आहे, त्याला ते सांगावं लागणार नाही.

लेकरू म्हणजे आमचा बाळू. वयानं तिशी ओलांडलेला, अंगानं बापापेक्षा थोराड, पण बोलणं चार शब्दांच्या पुढं गेलं नाही. माणसं जमली, भोंगा वाजला, नुसती कुकरची शिट्टी झाली तरी तो घाबरतो आणि भिंतीवर डोकं आपटून घेतो. त्याला शांत करणारी एकच गोष्ट आम्हाला सापडली होती, ती म्हणजे चालत्या इंजिनाची घरघर. आमचे हे एसटीत ड्रायव्हर होते. रिटायर झाल्यावर यांनी शाळेची एक जुनी मिनीबस घेतली, सीटा काढून आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, सगळं बसवून घेतलं. परभणीत आमच्या गल्लीतले लोक हसले. हसेनात का, त्या बसमध्ये बाळू पोटभर जेवायचा आणि बिनघोर झोपायचा. तिच्यातून आम्ही पुष्कळ देव फिरलो. मी उतरून दर्शन घेऊन यायची तोवर इंजिन चालू ठेवून हे त्याच्यापाशी बसायचे, मग हे जायचे आणि मी बसायची. नवरा-बायकोनं जोडीनं देवापुढं उभं राहणं आमच्या नशिबात नव्हतंच.

तर ते इंजिन थकलं. निळा धूर सोडायला लागलं, ऑइल प्यायला लागलं, जरा चढ आला की धापा टाकायचं. जिंतूरचे रफिक मिस्त्री म्हणजे यांची डेपोतली ओळख. त्यांनी बघितलं आणि मला म्हणाले, "भाभी, ह्येच खोलून बांधून देतो, आवाज बी असाच राहील. पण वाटेत कवा दगा देईल ते मला सांगता येत न्हाई. दुसरं बसवलं तर बेफिकीर फिरा. आता तुमी ठरवा."

ठरवा म्हणणं सोपं आहे हो. जुनं ठेवलं तर ते कुठंतरी माळावर बंद पडणार आणि बाळू डोकं फोडून घेणार. दुसरं बसवलं तर त्याचा आवाज निराळा. दिराच्या जीपमध्ये एकदा त्याला बसवून पाहिलं होतं, तर त्यानं दार ओरबाडून नखं रक्ताळून घेतली होती. आणि खरं सांगायचं तर माझी भीती इंजिनाच्याही पुढची होती. आम्ही दोघंही थकत चाललोय. आमच्या मागं याला कोण बघणार, हा विचार मला जेवताना, भांडी घासताना, कधीही गाठायचा. निदान गाडी तरी टिकावी, असं काहीतरी वेडंवाकडं माझ्या मनात चाललेलं असायचं.

शेवटी देवघरात दोन चिठ्ठ्या टाकल्या. उचलली ती 'दुरुस्ती' निघाली. हे म्हणाले, "एकदा उचलून चालत न्हाई, तीनदा उचल." दुसऱ्यांदा 'दुसरं' निघाली. तिसरी उचलायचा मला धीरच झाला नाही. मी दोन्ही चिठ्ठ्या समईवर धरून जाळल्या आणि देवावर रागावले. म्हटलं, तुला सांगायचं नसेल तर नको सांगू, माझी चेष्टा तरी करू नकोस. काही ठरलेलं नसतानाच आम्ही मिस्त्रीकडं निघालो. वाटेत ठरेल, असं यांचं म्हणणं.

वाटेत काय ठरणार? बोरीच्या अलीकडं, एका वस्तीवरच्या मारुतीच्या देवळासमोर गाडीनं दोन आचके दिले आणि ती गप्प झाली. भर दुपारची वेळ होती. यांनी चावी फिरवली, खाली उतरून पाहिलं, पुन्हा चावी फिरवली. आत बाळूचं कण्हणं सुरू झालं आणि मग पत्र्यावर डोक्याचा पहिला ठोका पडला. मी माझे दोन्ही हात त्याच्या कपाळाच्या आणि पत्र्याच्या मध्ये धरून बसले. यांना म्हटलं, "अहो, माणसं बघा कोणी, धक्का मारून तर बघू."

देवळात सप्ताह चालू होता. सगळी माणसं मागच्या शेतात पंगतीला बसलेली, मंडपात एकटा म्हातारा वीणेकरी उभा होता. हे धावतच त्याच्याकडं गेले. तो म्हणाला, "माउली, मला हलता येत न्हाई. पहारा हाय माझा. सात दिस वीणा भुईला टेकवता येत न्हाई. जेवणं उरकायलीत, माणसं येतील, जरा दम धरा." हे तिथंच हात जोडून उभे राहिले. चाळीस वर्षं सप्ताहाला जाणारा माणूस, वीणेकऱ्याला गाडी ढकलायला बोलवायला निघाला होता. इतकी आमची मती गेली होती.

आणि बाळू थांबला. आधी मला कळलंच नाही कशानं. मग इंजिन नसलेल्या त्या शांततेत मलाही ऐकू आलं, वीणेच्या तारेचं टुणटुण, एकसारखं, कुठंही न अडखळणारं. बाळूनं माझे हात बाजूला केले. दाराशी गेला, उलटा होऊन एकेक पायरी उतरला. परक्या जागी तो कधी खाली उतरत नाही. मी मागं मागं गेले, पण हात लावायची हिंमत झाली नाही. तो सरळ मंडपात गेला, वीणेकऱ्याच्या पायाशी बसला आणि थोड्या वेळानं तिथंच सतरंजीवर आडवा झाला. म्हाताऱ्यानं खाली बघितलं आणि बोट न थांबवता नुसती मान हलवली.

पंगत उठली. माणसं आली आणि काहीच न विचारता बाळूला वळसा घालून गेली. कोणीतरी ट्रॅक्टर आणला, गाडी दोरानं बांधली, हे तिच्यासोबत जिंतूरला गेले. एका बाईनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बाई, तुमी जेवून घ्या. आमी हाव की इथं." मी नको नको म्हणत होते. झोपलेल्या बाळूला परक्याच्या भरवशावर सोडून मी कधी शेजारच्या खोलीतसुद्धा बसलेली नाही. पण ती बाई काही ऐकेना. मी मंडपाकडं पाठ करून भात-आमटी जेवले. किती वर्षांनी पाठ करून जेवले, मला आठवत नाही. घास गिळताना रडू येत होतं आणि वाढणारी म्हणत होती, "तिखट लागायलंय का?"

हात धुऊन आले तेव्हा पहारा बदलत होता. म्हातारा आणि एक पोट सुटलेला गृहस्थ एकमेकांच्या पाया पडले. मग म्हाताऱ्यानं वीणेचा पट्टा आपल्या गळ्यातून त्याच्या गळ्यात घातला, आणि नव्याचं बोट तारेवर पडेपर्यंत आपलं बोट काढलं नाही. आवाज तुटला नाही. बाळूनं कूस बदलली, झोपेतच हात लांबवून त्या नव्या माणसाच्या धोतराचा काठ मुठीत धरला आणि झोपून राहिला. हात बदलल्याचं त्याला कळलंसुद्धा नाही. मी खांबाला टेकून ते किती वेळ बघत होते कोण जाणे.

तेवढ्यात यांचा फोन आला. "मिस्त्री इचारतोय, काय करायचं?"

"दुसरं बसवा," मी म्हणाले.

"अगं, पण त्याला आवाज चालंल का?"

"मला माहीत नाही. बसवा."

नव्या इंजिनाशी बाळूचं अजून पुरतं जमलेलं नाही. सुरुवातीला फार रडला, आता कधी झोपतो, कधी झोपत नाही. निर्णय बरोबर होता का, हे मला आजही सांगता येणार नाही. त्या दुपारी जे झालं त्याला काय म्हणावं तेही मी ठरवत बसत नाही. त्या वस्तीवरच्या माणसांनी आमचं नावगावही विचारलं नाही, त्यांचे उपकार मात्र मी मरेपर्यंत विसरणार नाही. एवढं खरं की त्या दिवसापर्यंत रोज दिवा लावताना मी एकच मागणं मागत होते, यांनाही न सांगता. देवा, बाळूला माझ्या आधी ने, एक दिवस का होईना, पण माझ्या आधी ने. आता दिवा लावते, हात जोडते, आणि ते मागणं माझ्या तोंडी येत नाही.