चीनची भिंत आणि दत्ताराम सर

दत्ताराम सरांची आणि माझी पहिली गाठ सर्वणच्या शाळेत पडली. मी सातवीत होतो. डिचोलीच्या सामान्यज्ञान स्पर्धेसाठी मुलं निवडायला ते आले होते. त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, "सकाळी चहाबरोबर आपण पाव खातो. हा पाव आपल्याकडे आला कुठून?" मी हात वर केला आणि सांगून टाकलं, "पोदेराच्या सायकलीवरून." पोदेर म्हणजे आमचा पाववाला. पोरं खदखदून हसली, सर मात्र हसले नाहीत. "पोर्तुगिजांबरोबर आला, हे माझं उत्तर. पण याचंही काही खोटं नाही. अर्धा गुण," असं म्हणत त्यांनी माझं नाव टिपून घेतलं. त्या अर्ध्या गुणावर माझी निवड झाली.

सर कुठल्याच शाळेत शिक्षक नव्हते, हे मला पुढे कित्येक वर्षांनी कळलं तेव्हा मी चाटच पडलो. ते खाणीवर ट्रकांच्या वजनकाट्यावर कारकून होते. दोन ट्रकांच्या मधल्या वेळात वर्तमानपत्र वाचायचं आणि वाया गेलेल्या पावत्यांच्या पाठीवर प्रश्न लिहायचे, हा त्यांचा नेम. कुठल्या देशाने राजधानी बदलली, नवजात बाळाच्या अंगात मोठ्या माणसापेक्षा हाडं जास्त का असतात, जायपत्री म्हणजे जायफळाचा कुठला भाग, काय वाटेल ते त्यात असे. त्या पावत्यांनी त्यांच्या घरची पत्र्याची ट्रंक भरली आहे. पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांतल्या मुलांसाठी चाळीस वर्षं त्यांनी ही स्पर्धा चालवली, तीसुद्धा कुणाकडे हात न पसरता.

खाणी बंद पडल्या तेव्हा सरांचीही नोकरी गेली. दुसरा कोणी कपाळाला हात लावून बसला असता. सरांनी रिकाम्या बसलेल्या ट्रकवाल्यांना गोळा केलं आणि रोज दहा प्रश्न घालायला सुरुवात केली. "डोकं गंजता नये," एवढंच त्यांचं कारण. सिंधुदुर्गातून आलेल्या एका ड्रायव्हरने त्याच तयारीवर सरकारी परीक्षा दिली. आज तो एका कचेरीत नोकरीला आहे आणि दर चतुर्थीला सरांकडे माटोळीसाठी, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळांच्या मांडवीसाठी, नारळांचा घड घेऊन येतो.

सरांना पंचाहत्तरावं वर्ष लागलं तसा हा गौरवग्रंथ काढायचं ठरलं आणि त्यांचा परिचय लिहिण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी मोठ्या झोकात लिहिलं, 'चाळीस वर्षांत सरांचं एकही उत्तर चुकलं नाही.' मसुदा त्यांना वाचायला दिला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला.

"प्रकाश, ते वाक्य काढ. खोटं आहे."

मला वाटलं, विनय. म्हटलं, "असू दे हो सर, गौरवग्रंथात एवढं खपून जातं."

"सातवीत तू स्पर्धेची ढाल जिंकलास ना, ती माझ्या चुकीच्या उत्तरावर जिंकलास."

त्या अंतिम फेरीत इब्रामपूरची सुलक्षा नावाची आठवीतली मुलगी आणि मी बरोबरीत होतो. शेवटचा प्रश्न होता, चंद्रावरून दिसणारी माणसाने बांधलेली एकमेव वस्तू कोणती? पाळी तिची होती. ती म्हणाली, "खंयचीच ना," म्हणजे कुठलीच नाही. सभागृहात हशा पिकला. ती "पण सर..." म्हणून काही सांगायला लागली, तर सर म्हणाले, "वेळ संपली, बस." प्रश्न माझ्याकडे आला. मी म्हणालो, "चीनची भिंत." टाळ्या पडल्या आणि ढाल माझ्या हातात आली. वडिलांनी ती दिवाणखान्यात लावली. नोकरीच्या मुलाखतीत मी तिच्याबद्दल सांगितलं होतं. लग्न ठरतानासुद्धा तिचं नाव निघालं होतं.

चंद्रावरून चीनची भिंत दिसत नाही, हे आज शाळेतलं पोरही सांगेल. मी स्वतः भूगोल शिकवतो. वर्गात मी ही समजूत चुकीची म्हणून सांगतो आणि घरी येऊन त्याच ढालीखाली चहा पितो. इतक्या वर्षांत एकदाही या दोन गोष्टी मी जोडून पाहिल्या नव्हत्या, याची मला लाज वाटली.

पण खरा धक्का पुढेच होता. मी विचारलं, "सर, तुम्हाला हे कधी कळलं?"

"पंधरा वर्षं झाली. कळल्या कळल्या ती पावती मी ट्रंकेतून काढून फाडली. पण तिला जाऊन सांगितलं नाही. लोक काय म्हणतील, असं वाटलं."

ज्यांना मी देवासारखं मानलं, ते पंधरा वर्षं गप्प बसले होते. मला राग आला, आणि खरं सांगतो, तो ढाल जाणार म्हणून जास्त आला. मी चढ्या आवाजात म्हणालो, "आता उकरून काय मिळणार? तिला आठवतही नसेल." सर शांतपणे म्हणाले, "मला आठवतं. ग्रंथ काढणार असाल तर हे त्यात छापा. नाहीतर ग्रंथ काढू नका." संपादक मंडळातल्या काहींनी हा प्रसंग टाळण्याची मला विनंती केली होती. सरांची अट मोडणं मला जमलं नाही.

सुलक्षा आता नार्व्याला असते. नदीकाठी तिचा भाजीचा मळा आहे. आम्ही गेलो तेव्हा ती मिरच्या तोडत होती. सरांना तिने लगेच ओळखलं, खुर्ची पुसून दिली, "बसा मरे सर," म्हणाली. सर बसले नाहीत. उभ्यानेच म्हणाले, "बाय, तुझं उत्तर बरोबर होतं. माझं चुकलं." मी पिशवीतून ढाल काढून पुढे केली.

तिने ढालीकडे पाहिलंसुद्धा नाही. "माका तेव्हांच म्हायत होतां, सर," ती म्हणाली. "हारल्याचां काय ना. तुमी माका बोलाक दिलें ना. लोक हांसले. त्याच्या उपरांत शाळेत मी केन्नाच हात वयर केलो ना."

सरांनी तिला बोलू दिलं नव्हतं आणि त्यानंतर शाळेत तिने कधीच हात वर केला नव्हता; हे ती रागाने बोलली असती तर बरं झालं असतं. ती अगदी साधेपणाने बोलली, भाजीचा दर सांगावा तशी. सरांनी चष्मा काढला आणि ते तिथेच जोत्यावर बसले. सरांना रडताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. डोळे पुसून ते म्हणाले, "मग आता बोलशील? माझ्यासमोर नको. सगळ्यांसमोर."

ती आधी नाहीच म्हणाली. शेवटी तिच्या मुलीने फारच हट्ट धरला म्हणून आली. यंदाच्या अंतिम फेरीला सभागृह भरलेलं असताना सरांनी मंचावर उभं राहून आपली चूक आणि आपलं पंधरा वर्षांचं मौन, दोन्ही सांगितलं. मागून कुणीतरी पुटपुटलं. सरांनी तोच प्रश्न पुन्हा वाचला आणि ध्वनिक्षेपक सुलक्षाच्या हातात दिला.

"खंयचीच वस्तू दिसना," ती म्हणाली. "आमच्या इब्रामपुरच्या दोंगरार चडल्यार सकयलो रस्तो दोऱ्यासारखो दिसता. फुडल्या दोंगरार गेल्यार तो दिसनाच. भिंत लांब आसली तरी रुंद ती रस्त्याएवढीच. मगे चंद्रावयल्यान कशी दिसतली?"

आठवीतल्या मुलीने डोंगरावरून खालचा रस्ता स्वतःच्या डोळ्यांनी पाहून, स्वतःच्या डोक्याने काढलेलं हे उत्तर होतं. माझं तर नुसतं पाठ केलेलं होतं. मग सर म्हणाले, "बरोबर," आणि आधी स्वतः टाळी वाजवली. ढाल आता नार्व्याला आहे. मी ती तिच्या मुलीच्या हातात दिली, देताना जीव थोडा खालीवर झाला हे कबूल करतो.

मला वाटलं, संपलं. आठ दिवसांनी सरांनी मला घरी बोलावून एक कागद पुढे केला. सगळी ट्रंक पुन्हा तपासून, जुने निकाल पडताळून, ज्यांना आपण चुकीने चूक ठरवलं अशा नऊ जणांची नावं त्यांनी काढली होती. आतापर्यंत आम्ही तिघांकडे जाऊन आलो. यादीतल्या एका नावावर बोट ठेवून मी म्हणालो, "सर, हा तर मागच्या वर्षी वारला."

"घर आहे ना?" सर म्हणाले. "त्याच्या पोरांना सांगू, तुमचा बापूस बरोबर होता."

अजून सहा घरं राहिली आहेत. दोन घरांच्या चढणी भारी आहेत आणि सरांचे गुडघे कुरकुरतात. स्कूटर मी चालवीन. देवाने सरांना ते सहाही उंबरठे चढण्याचं बळ द्यावं, आणि त्यानंतरही त्यांना भरपूर वर्षं द्यावीत, कारण वर्गात चुकीने गप्प बसवलेल्या मुलांची माझीही यादी मी परवापासून करायला घेतली आहे आणि पहिल्या घरी एकट्याने जायचा धीर मला नाही.