आत्याच्या बियाण्याची नोटीस

मला एक खोड आहे. कागद हाती आला की तो कुणी लिहिला, का लिहिला, त्याच्या मागे कुठला कागद होता, हे मुळापर्यंत बघितल्याशिवाय मला करमत नाही. अंबडच्या कोर्टात मी वकिली करते. वाटण्या, जामीन, बांधाची भांडणं, असलीच कामं. तिथं या खोडीला फारसं खाद्य मिळत नाही. म्हणून मे महिन्यात आत्याचा फोन आला तेव्हा, खरं सांगते, मी मनातल्या मनात खूशच झाले.

"अगं, मला नोटीस आल्ती काल. बियाण्याच्या कंपनीच्या वकिलाची," आत्या म्हणाली. "मी काय चोरी केली का गं?"

आत्या म्हणजे माझ्या वडलांची थोरली बहीण. एसटीनं तासाभरावर तिचं गाव. सोयाबीनचं घरचं बियाणं राखावं तर तिनंच, असं आजूबाजूची गावं म्हणायची. पेरणीच्या आधी तीसेक घरं तिच्याकडून बियाणं न्यायची, दुकानातल्या पिशवीपेक्षा पुष्कळ स्वस्तात. पण तिची रीत कडक. ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ठेवायची आणि चार-पाच दिवसांनी घेणाऱ्यालाच कोंब मोजायला लावायची. सत्तरच्या खाली भरले तर त्या पोत्यातला दाणाही ती कुणाला द्यायची नाही. मग मागणारा सख्खा दीर का असेना!

"पोती ओसरीवर पडून हायेत. लोकं रोज विचारून राह्यलेत. देऊ का नको, तेवढं सांग मला जल्दी."

"मी बघते ना. दोन दिवसांत कळवते," मी म्हणाले. कुठल्याही पक्षकाराला मी पहिलं वाक्य सांगते ते म्हणजे मला विचारल्याशिवाय कशावर सही करू नका. आत्याला ते सांगायचं राहिलं. माझं लक्ष नोटिशीत.

तिच्या शेजारणीनं मोबाईलवर नोटिशीचे फोटो पाठवले. कंपनीचं वाण कंपनीच्याच नावानं विकता, असा आरोप. पुराव्याला एका पिशवीचा फोटो. तो बघून मी कपाळाला हात लावला. आत्यानं आपलं बियाणं कंपनीच्या जुन्या, छापील पिशव्यांत भरून दिलं होतं! आता आमच्याकडं बियाण्याची रिकामी पिशवी कुणी फेकत नाही हो. जाडजूड असते, ओल धरत नाही. तिच्यात डाळ राहते, शेवया राहतात. माझा एक पक्षकार तर सातबारे त्यातच घालून आणतो. त्या पिशवीवर काय छापलंय ते कोण वाचतंय?

दुसऱ्याच दिवशी मला पिकांच्या वाणांवरच्या हक्कांच्या कायद्यात एक कलम सापडलं. शेतकऱ्यानं बियाणं राखावं, पेरावं, दुसऱ्याला द्यावं, बदलून घ्यावं, विकावंसुद्धा. वाण कंपनीचं असलं तरी. फक्त ब्रँडच्या नावानं, लेबल लावून विकायचं नाही. म्हणजे चूक पिशवीची, बियाण्याची नव्हेच! पिशवीबद्दल माफी मागायची, बियाणं साध्या गोणीत ओतायचं, विषय संपला.

आता फोन करायचा ना? पण मला पुढचा प्रश्न पडला होता. असा कायदा आपल्याकडं आला कुठून?

मग काय, लागले मी वाचायला. कोर्टातून आले की जेवणाचं ताटसुद्धा लॅपटॉपपाशी. निघालं असं की जगातल्या देशांनी व्यापाराचा मोठा करार केला, त्यात बियाण्याचीही एक अट होती. नवं वाण काढणाऱ्याला त्याच्यावर हक्क द्या. पेटंट द्या, नाहीतर आपला वेगळा कायदा करा. आपल्या देशानं वेगळा कायदा केला आणि त्यात शेतकऱ्याचाही हक्क घालून घेतला. मला इतकं भारी वाटलं! दूर जिनिव्हात चाललेल्या त्या कराराच्या बोलण्यांचा धागा आत्याच्या ओसरीवरच्या पोत्यांपर्यंत येतो, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. मग आणखी वाचलं. काही गरीब देशांनी मोठ्या देशांशी वेगळे करार करताना ही मोकळीक घालवली होती. तिथं घरचं बियाणं शेजाऱ्याला द्यायचीही चोरी. का बरं कबूल झाले असतील ते? कुणी घाई केली असेल, की कागद नीट वाचलाच नसेल? या प्रश्नात माझे आणखी पाच दिवस गेले.

आठव्या दिवशी प्रिंट घेऊन मी सकाळच्या एसटीत बसले. आत्याला काय काय सांगू, असं झालं होतं.

ओसरी मोकळी होती. झाडून घेतलेली.

"काल कंपनीचा माणूस आल्ता," आत्या म्हणाली. "लई सभ्य. चहा घेतला, ताई ताई केलं. म्हणला, इथून पुढं कुणाला बियाणं देणार न्हाई असं लिहून द्या, केस न्हाई करत. दिली सही. मंग टेम्पो बोलावून सगळं मोंढ्यावर व्यापाऱ्याला घातलं. आता तेलाच्या मिलला गेलं असंल."

मी सुटलेच. असा कागद मी उद्याच्या उद्या खोडून काढते, बियाणं देणं हा तुझा हक्क आहे, चूक नुसत्या पिशवीची, असं सगळं भडाभडा बोलले. प्रिंट पुढं केले. तिनं चष्मा लावला, बोट फिरवत ते कलम पूर्ण वाचलं.

"म्हंजी मी देऊ शकत होते?"

"बिलकुल देऊ शकत होतीस."

"हे तुला कवा कळलं?"

खोटं बोलता आलं असतं. जिभेवर आलंही होतं.

"दुसऱ्या दिवशी," मी म्हणाले.

आत्यानं चष्मा काढून पदरानं पुसला.

"तुझ्या फोनसाठी कालपस्तोर थांबले होते गं," ती म्हणाली.